बार्तिमी सदनातल्या मुली

आजचा विषय आम्ही दोन वेळा पुढे ढकलला. एकदा कांद्याची काढणी होती म्हणून, आणि एकदा खरं सांगायचं तर धीर झाला नाही म्हणून.

आपल्या कार्यक्रमाला एका ताईंनी प्रश्न पाठवला होता. नाव आणि वाडी आम्ही सांगणार नाही. ताई ख्रिस्ती आहेत. त्यांची मुलगी आठवीत होती. रक्ताचा कर्करोग निघाला. पुण्याला उपचार झाले, शेळ्या विकल्या, उसनवारी झाली, आणि त्या सगळ्यासोबत प्रार्थनाही झाल्या. उपास झाले. लांबून प्रार्थनेला माणसं आली, डोक्यावर हात ठेवून गेली. मुलगी वाचली नाही. महिन्याभराने त्यांच्याच प्रार्थनेच्या घरात कुणीतरी बाई म्हणाल्या, "विश्वास थोडा कमी पडला असेल." ताईंनी आम्हाला एवढंच विचारलं होतं: हे खरं का?

आमच्या गटात बहुतेक जणी माळकरी घरातल्या. एक-दोघी ख्रिस्ती. या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्ही कोण, असं आधी वाटलं. पण मग एक जण म्हणाली, "मला पण तेच म्हणाले होते. फक्त माझ्या वेळी नवसात काहीतरी राहिलं असेल म्हणाले." तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न एका धर्माचा नाही. म्हणून आम्ही इतिहासात शोधायला बसलो. फार लांब जावं लागलं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला, सोलापूरच्या रेल्वे मार्गावर एक बाई होऊन गेल्या. त्यांच्या आयुष्यात न फळलेल्या प्रार्थना एवढ्या आहेत की मोजायला बसलं तर रात्र जाईल. पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचं नाव वाचलेलं असतं. विधवांसाठी शाळा काढली, धर्म बदलला, वाद झाला. इतकंच. पण त्यांची गोष्ट सुरू होते ती भुकेपासून.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. आईने ते रमाबाईंना शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी हिंडायचं. मग 1870 नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे, की जवळ होतं ते सगळं त्यांनी देवांच्या पूजेत आणि दानधर्मात घातलं. पहाटेची स्नानं, प्रदक्षिणा, उपास, मंत्रांचे लाखो जप. देव प्रसन्न होईल आणि धन देईल, असं शास्त्रात लिहिलंय म्हणून केलं. काम मागायला जायचं नाही, कारण शास्त्र्याच्या घरचे. पैसा संपला, भांडी विकली, मग रानात जाऊन पाला खाल्ला. 1874 साली काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली.

त्यातली एक आठवण आमच्या गटात वाचली तेव्हा कुणी बोललं नाही. आई मरणाला टेकलेली. अन्न मागते आहे. रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने ओळखलं आणि भाकरी दिली. आईला ती गिळता आली नाही. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसं मिळेनात. भाऊ, आणखी दोघे, आणि चौथ्या रमाबाई. वय सोळा. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून आईचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

बाजरीची भाकरी आपल्या रोजची. त्यामुळे ही गोष्ट परक्या कुणाची वाटत नाही.

आता पुढचं. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई चालत चालत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. वय तेविशी, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. त्या पुण्याला आल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा आजारपणाशी सरळ संबंध आहे. 1882 साली सरकारचं शिक्षण कमिशन पुण्यात आलं होतं, हंटर कमिशन. त्यापुढे रमाबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बायकांना बायका डॉक्टर पाहिजेत. पुरुष डॉक्टरला दाखवायच्या लाजेने बायका मरतात. दुखणं अंगावर काढून मरायचं, हा काही देवाचा हुकूम नव्हे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांना स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. 1883 साली त्या त्यासाठीच इंग्लंडला गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत होतं. डॉक्टरकी शिकता येणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे बघा, ख्रिस्ती झाल्या त्या वेळी कान गेलेलाच होता. आणि तो परत आला नाही. वय वाढलं तसा बहिरेपणा वाढतच गेला.

अमेरिकेत त्यांच्या नात्यातली एक मुलगी डॉक्टर होत होती. आनंदीबाई जोशी. आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते त्यांचं दहा दिवसांचं बाळ औषधपाण्यावाचून गेलं म्हणून. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून तिथे हजर होत्या. आनंदीबाई परत आल्या त्या क्षय घेऊन. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बाविशीही पूर्ण झालेली नव्हती. त्यांनी धर्म बदलला नव्हता. हिंदूंनी प्रार्थना केल्या, ख्रिस्ती मैत्रिणींनीही केल्या असणार. क्षयाने त्यातला फरक पाहिला नाही.

1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतः उपाशी राहिलेलं माणूस भुकेला लांबून ओळखतं. त्याच वेळी पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावला आधी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या आणि मांडव उभे राहिले. तेच पुढे मुक्ती सदन झालं. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीचं काय झालं याबद्दल त्यांनी सरकारला जाब विचारणारं पत्र 1897 मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात छापलं. प्रार्थना करणाऱ्या बाईने सरकारपुढे गप्प बसावं असं त्यांना वाटत नव्हतं. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं झाली.

आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. हाडाचा सापळा झालेलं पोर एकदम पोटभर जेवलं तरी मरतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून सांगतात. जुलाब, देवी, ताप. मुक्तीतून 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं मासिक निघायचं. त्यात फळलेल्या प्रार्थनांच्या हकिकती असत. पैसे संपले आणि त्याच दिवशी मनिऑर्डर आली, विहिरीला पाणी लागलं, अशा. त्या खोट्या आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण कुठल्याही देवस्थानाच्या पुस्तकात असंच असतं. नवस फेडायला आलेला माणूस घंटा बांधून जातो. ज्याचा नवस फळला नाही तो काय बांधणार?

आता त्या ताईंच्या प्रश्नाच्या जवळ येऊ.

29 जून 1905 ला मुक्तीत मोठं 'जागरण' सुरू झालं. महिनोन्महिने मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या. त्या रात्री आणि नंतर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडल्या, पापं कबूल केली, काही जणी अनोळखी भाषेत बोलू लागल्या. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन बाई रमाबाईंच्या सोबतीला होत्या. त्यांनी यावर एक पुस्तिका लिहिली. ती पार दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पोचली आणि तिथे 1909 मध्ये अशीच चळवळ उभी राहिली. आज जगभर ज्यांना पेंटेकॉस्टल म्हणतात, ज्यांच्या सभांत आजाऱ्यांवर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना होते, त्यांच्या मुळांपैकी एक मूळ आपल्या केडगावच्या मातीत आहे. पुण्याच्या इतिहासात हे कुणी मोठ्याने सांगत नाही. ख्रिस्ती म्हणून असेल, किंवा बायकांनी केलं म्हणून असेल.

आणि त्या सगळ्या गदारोळात रमाबाई स्वतः अनोळखी भाषेत बोलल्या नाहीत. कानही बरे झाले नाहीत. कुणी त्यांना म्हणालं असतं का, की बाई, तुमचा विश्वास थोडा कमी पडला?

त्या काळी असं म्हणणारे होते. अमेरिकेत ए. बी. सिम्पसन यांनी 1887 मध्ये एक मिशन काढलं. येशू जसा तारणारा तसाच तो शरीर बरं करणारा, ही त्यांची शिकवण. या मिशनची माणसं आपल्या वऱ्हाडात आली. अकोला त्यांचं मुख्य ठाणं. आफ्रिकेत गेलेल्या त्यांच्यातल्या काही तरुणांनी हिवतापावर क्विनीन घ्यायला नकार दिला आणि ते तिथेच गेले. वऱ्हाडात जेनी फुलर नावाच्या बाई होत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, रमाबाईंनी त्याला प्रस्तावना दिली. पुस्तक 1900 साली आलं आणि त्याच साली जेनीबाई गेल्या. सिम्पसनही शेवटी आजारी पडूनच 1919 मध्ये गेले. त्यांची थट्टा करायला हे सांगत नाही. पण "विश्वास असेल तर मरण टळतं" हे खरं असतं, तर असं सांगणारे तरी मागे राहिले असते.

मुक्तीतली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मोठ्या सभांमधली नाही. ती बार्तिमी सदनातली आहे.

बायबलमध्ये बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. रस्त्याच्या कडेला बसलेला. येशू चाललाय कळल्यावर ओरडत सुटतो, लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. त्याला दिसायला लागतं. रमाबाईंनी केडगावात आंधळ्या मुलींसाठी घर बांधलं त्याला या माणसाचं नाव दिलं. घराच्या दारावरच बरं झालेल्या आंधळ्याचं नाव, आणि आत राहणाऱ्या मुली तशाच आंधळ्या. आम्हाला आधी वाटलं, किती क्रूर. रोज त्या मुलींना आठवण करून द्यायची, की तो बरा झाला आणि तुम्ही नाही.

पण आत काय चालायचं ते पाहिलं तर वेगळं दिसतं. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली. उंचवट्यांची अक्षरं, बोटांनी वाचायची. तिने ती या मुलींना शिकवली. ज्यांना रेल्वे स्टेशनावर भीक मागायला सोडलं असतं त्या मुली वाचायला लागल्या, टोपल्या विणायला लागल्या, दुसऱ्या आंधळ्या मुलींना शिकवायला लागल्या. "अजून जोरात प्रार्थना करा, म्हणजे दिसेल" असं सांगून त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. प्रार्थना होत असणारच, मुक्तीत प्रार्थनेशिवाय पान हलत नव्हतं. पण डोळे येतील तेव्हा येतील, आज बोटं आहेत ना. मग बोटांना काम.

मुक्तीत दवाखानाही होता. हंटर कमिशनपुढे डॉक्टर बायका मागणारी बाई धर्म बदलल्यावर औषधाच्या विरोधात गेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

आमच्या गटातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने बायबल काढून आणखी काही दाखवलं. सांगते म्हणाली, तुम्ही फक्त चमत्कारांच्याच गोष्टी ऐकलेल्या असतात. पौल हा एवढा मोठा प्रेषित. त्याच्या शरीरात काहीतरी दुखणं होतं, काट्यासारखं. ते जावं म्हणून त्याने तीन वेळा मागणं केलं. गेलं नाही. तीमथ्याला वरचेवर पोटाचा त्रास, तर त्याला पौल थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो. म्हणजे घरगुती औषधच की. त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत गावात आजारीच सोडून पुढे जावं लागलं. बेथेस्दाच्या तळ्याकाठी आजाऱ्यांची रांग लागलेली होती, बरा झाला त्यांतला एक. आणि येशूने स्वतः अटक व्हायच्या रात्री, हे माझ्यापासून टळू दे म्हणून मागितलं. टळलं नाही. "मग त्याचा विश्वास कमी पडला का?" असं विचारून ती गप्प बसली.

ही सगळी पानं रमाबाईंनी स्वतःच्या हाताने मराठीत आणली आहेत. साध्या बायकांना कळेल असं बायबल पाहिजे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळापासून भाषांतर केलं. सुमारे पंधरा-सोळा वर्षं ते काम चाललं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. पौलाचं ते दुखणं लिहिताना त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि मग मनोरमा. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, 1917 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. झालेली, शारदा सदन चालवणारी, गुलबर्ग्याला शाळा काढणारी. मुक्तीचा भार तिच्याकडे द्यायचा हे ठरलेलं होतं. 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. शेकडो बायका-मुली ज्या घरात रोज पहाटे प्रार्थनेला बसतात, त्या घरातली ही लेक. जिल्ह्यात कुणासाठी झाल्या नसतील एवढ्या प्रार्थना तिच्यासाठी झाल्या असतील. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता मुलगी. त्यांनी भाषांतर पुढे चालू ठेवलं. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि तेवढे दिवस मिळाले, अशी आठवण मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

आमच्यात यावर वाद झाला, तो लपवत नाही. एक जण म्हणाली, "लहानपणी देवाने ऐकलं नाही म्हणून तो देव सोडला. नव्या देवाने तरी कुठे ऐकलं? मुलगी नेलीच." प्रश्न बिनतोड आहे. आम्हाला वाटतं, रमाबाईंनी सोडला तो सौदा. इतक्या प्रदक्षिणा, इतके जप, आणि बदल्यात इतकं धन, हा हिशोब. त्यांचे आईबाप त्या हिशोबापायी उपाशी मेले असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्या मागत राहिल्या, पण मागितलं ते मिळालं नाही म्हणून हिशोब मांडला नाही. मात्र सौदा एका धर्मात आणि निर्मळ भक्ती दुसऱ्या धर्मात, असं त्या कधीकधी मानताना दिसतात. तिथे आमचं त्यांच्याशी पटत नाही. सौदा करणारे ख्रिस्ती आम्ही पाहिलेत. आणि आपल्या पिंपरी पेंढारच्या शेजारी ओतूरला, श्रावणात आपण कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला जातो तिथे, चैतन्य महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे गुरू म्हणून लोक त्यांना मानतात. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. त्यानंतर ते विठ्ठलाशी भांडले, रुसले, पण त्याला सोडून गेले नाहीत. नगरचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे, की आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या पुलावरून आलो. आपल्या गावावरून जाणारा कल्याण-नगर रस्ता त्यांच्याच नगरला जातो.

ज्यांना शास्त्रीय पुरावा लागतो त्यांच्यासाठी एक आकडा. अमेरिकेत सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपासच्या 1,802 रुग्णांवर पाहणी झाली, निकाल 2006 मध्ये छापून आला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, 52 आणि 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात उलट 59 टक्के. कदाचित त्यांना दडपण आलं असेल. विश्वास मोजला जातोय असं आजारी माणसाला वाटलं की काय होतं, ते ताईंच्या मुलीला विचारायला हवं होतं. ती शेवटी आईला विचारायची म्हणे, "मी नीट प्रार्थना करत नाही का?"

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे साप-विंचू आहेत. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रार्थना किंवा नवस करायला बंदी नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्राने उपचार करणं हा गुन्हा आहे. कुठल्याही धर्माच्या माणसाने केला तरी.

हे सगळं घेऊन आम्ही चौघी ताईंकडे गेलो. दुपारीच गेलो, संध्याकाळी बिबट्यामुळे त्या वस्तीवर कुणी जात-येत नाही. त्यांना बार्तिमी सदनाचं सांगितलं, मनोरमाबाईंचं सांगितलं. आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो, असं म्हणून सांगितलं की ते खरं नाही. तुमचा विश्वास कमी पडला नव्हता. मुलीचाही नाही. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मनोरमाबाई गेल्यावर त्या माउलीने किती दिवस काम थांबवलं?" आम्ही म्हटलं, भाषांतर तर पुढे चालूच राहिलं. त्या म्हणाल्या, "मला अजून जमत नाही." आम्ही म्हटलं, नका जमवू.

निघताना त्यांनी मुलीचं दप्तर दाखवलं. पुस्तकं कुणाला देता येतील का, म्हणाल्या. वाडीतलीच एक मुलगी यंदा आठवीत गेली आहे.